शोरूम आटत चाललंय, काउंटर कसा सांभाळायचा?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी सांगली, मिरज, कुपवाड भागातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या साखळी शोरूममध्ये काम करणाऱ्यांची आहेत. रॅक रिकामे, टार्गेट तेवढंच, पगाराची तारीख मात्र पुढे सरकत चाललेली. विक्री, फायनान्स आणि कामगार कायदा जाणणाऱ्यांनी मिळून उत्तरं दिली आहेत. लिहिणाऱ्यांची नावं आणि शोरूमच्या खुणा काढल्या आहेत.

प्रश्न : आमच्याकडे टीव्ही, फ्रिज, एसीच्या कंपन्यांचे मिळून सहा प्रमोटर (आपल्या कंपनीचा माल समजावून सांगणारे) उभे असायचे. कंपन्यांनी ते काढून घेतले. मी मोबाइलच्या काउंटरवरचा, आता सगळं माझ्याच अंगावर. ग्राहक मोबाइलवर वाचून येतो, त्याला माझ्यापेक्षा जास्त माहिती असते. शिकू तरी काय काय? (सेल्समन, विश्रामबाग)

उत्तर : माहितीपत्रकं पाठ करत बसू नका, त्यात ग्राहक तुमच्या पुढेच राहणार. तो सगळं वाचून येतो, पण स्वतःचं घर मोजून येत नाही. तुम्ही घराबद्दल विचारा.

एसी घ्यायला आला तर खोली किती बाय किती, वर उघडा स्लॅब की आणखी मजला, आणि दुपारचं ऊन कुठल्या भिंतीवर, हे तीन प्रश्न आधी. मधल्या मजल्यावरच्या १० बाय १२ खोलीला एक टन पुरतो. तीच खोली उघड्या स्लॅबखाली असली तर सांगलीच्या एप्रिलात एक टनाच्या कॉम्प्रेसरला दुपारभर उसंत मिळत नाही. वीज जळते आणि खोलीही गार होत नाही. तिथे दीड टन सांगा. मग इनडोअर ते आउटडोअर अंतर विचारा. बहुतेक मॉडेलांसोबत ३ मीटर तांब्याचा पाइप येतो. आउटडोअर गच्चीवर टाकायचं म्हटलं की ७-८ मीटर सहज लागतो. जादा मीटरचे, स्टँडचे आणि ड्रेन पाइपचे पैसे ग्राहकाला बसवायच्या दिवशी कळले, तर तो तंत्रज्ञाशी भांडत नाही, तुम्हाला फोन करतो. हा आकडा बिलाआधी कागदावर लिहून द्या. १६ अँपिअरचा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी आणि अर्थिंग आहे का, तेही तेव्हाच विचारा. पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून आतली हवा आणि ओल काढावी लागते. घाईतला माणूस हे टाळतो, आणि पुढच्या उन्हाळ्यात ‘मशीनच खराब दिलं’ अशी तक्रार तुमच्याकडे येते. पंप लावायला सांगा, एवढं ग्राहकाच्या कानावर घालून ठेवा.

वॉशिंग मशीनला प्रश्न पाण्याचा. अनेक फ्रंट लोड मशीनना किमान अर्धा बार दाब लागतो. दहा फूट उंचीने मिळतो साधारण ०.३ बार. म्हणजे टाकीच्या तळापासून मशीनच्या नळापर्यंत सोळा-सतरा फूट उतार हवा. वरच्या मजल्यावर राहणाऱ्याची टाकी त्याच्याच डोक्यावर चार फुटांवर असेल तर मशीन पाणी भरता भरता एरर दाखवून थांबणार. त्याला प्रेशर पंपाचा खर्च सांगा, नाहीतर कमी दाबावर चालणारं टॉप लोड दाखवा. त्याचाही किमान दाब माहितीपत्रकात पाहूनच. जत, कवठेमहांकाळकडचा ग्राहक असेल तर बोअरचं पाणी आहे का, टँकर येतो का, हे विचारा. बादलीने पाणी ओतता येणारं सेमी ऑटोमॅटिक तिथे आजही सगळ्यात शहाणपणाचं. आणि तळाची उंदराची जाळी! उंदराने कुरतडलेली वायर वॉरंटीत बसत नाही. दोन-तीनशेच्या या वस्तूवर ग्राहक तुम्हाला वर्षानुवर्षं लक्षात ठेवतो.

फ्रिजसाठी जिना आणि दार मोजून आणायला सांगा. साइड-बाय-साइड फ्रिज साधारण ३६ इंच रुंद असतो. गावभागातल्या जुन्या वाड्याचं दार तीस इंचांचं निघालं की टेम्पो तसाच परत, आणि जाण्यायेण्याच्या भाड्यावरून वाद. आडवा करून नेलेला फ्रिज उभा केल्यावर तीन-चार तास तरी चालू करू नये; कॉम्प्रेसरचं तेल पाइपात गेलेलं असतं, ते खाली उतरायला वेळ लागतो.

टीव्हीला अंतर. सोफ्यापासून भिंतीपर्यंतचे इंच मोजा. ओटीटीवर फोर-के पाहणारा असेल तर दीडने भागा, नुसती केबल किंवा डीटीएच असेल तर दोनाने. आठ फूट म्हणजे ९६ इंच. केबलवाल्याला ४३ ते ५०, ओटीटीवाल्याला ५५ ते ६५. फ्लोअरवरचे टीव्ही ‘स्टोअर’ मोडमध्ये भडक रंगांत चालतात. डिस्प्ले पीस विकलात तर तो ‘होम’ मोडवर टाकून द्या, नाहीतर घरी सेटिंग बदललं तरी ते थोड्या वेळाने आपोआप पूर्ववत होत राहतं आणि ग्राहक ‘टीव्ही बिघडलाय’ म्हणून येतो.

प्रश्न : डिस्प्लेला टीव्ही आहे, गोडाऊनला नाही. मॅनेजर म्हणतात, पाच हजार ॲडव्हान्स घेऊन ठेवा, माल येईल. मागच्या महिन्यातले तीन ग्राहक अजून थांबलेत. (काउंटर सेल्स, मिरज)

उत्तर : साखळी अडचणीत आली की कंपन्या आणि डिस्ट्रिब्युटर आधी उधारी थांबवतात. पूर्वी एकवीस किंवा तीस दिवसांच्या उधारीवर येणारा माल आता पैसे भरल्यावरच सुटतो. मग हेड ऑफिस ग्राहकाच्या ॲडव्हान्सवरच माल उचलायला बघतं. एका शाखेचे पैसे दुसऱ्या शाखेच्या मालात जातात. तुमचे तीन ग्राहक बहुधा तिथेच अडकलेत.

सकाळी शटर उघडल्यावर पहिली पंधरा मिनिटं यासाठी द्या. कॉम्प्युटरवरचा स्टॉक काढा आणि गोडाऊनमध्ये जाऊन खोक्यावरचा सीरियल नंबर प्रत्यक्ष बघा. कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या दहा नगांत एखादा फुटलेला, एखादा परत आलेला आणि एखादा बिल होऊन उचलायचा राहिलेला असतोच. हाताशी आहेत त्याच मॉडेलांची यादी खिशात ठेवा आणि दिवसभर तीच दाखवा. ज्या मालाचा सीरियल नंबर सांगता येत नाही, त्याचा ॲडव्हान्स घेऊ नका. दुसऱ्या शाखेतून येणार असेल तर ट्रान्सफरचा नंबर मागा. वरून दबाव असेल तर पावतीवर मॉडेल, रक्कम, पोचवायची तारीख आणि ‘माल न आल्यास पूर्ण परत’ हे शब्द लिहा, आणि पावती शोरूमच्या शिक्क्याची द्या. ॲडव्हान्स स्वतःच्या यूपीआयवर तर कधीच घेऊ नका, ‘बिलिंग मशीन बंद आहे’ असं सांगितलं तरी. साखळी बुडाली तर ॲडव्हान्स देणारा ग्राहक बिनतारण धनको म्हणून रांगेच्या शेवटी उभा राहतो. तुम्ही मात्र त्याला गावात रोज भेटणार.

थांबलेल्या तिघांना आजच फोन करा. पैसे परत मागण्याचा अर्ज लेखी घ्या आणि मॅनेजर व हेड ऑफिस दोघांना ई-मेल करा. प्रकरण १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर किंवा जिल्हा ग्राहक आयोगात गेलं, तर तुम्ही वेळेवर कळवलं होतं याचा पुरावा राहील.

प्रश्न : ‘शून्य टक्के’ सांगून टीव्ही दिला, आता ग्राहक म्हणतो सातशे रुपये जास्त कापले. मी खोटं बोललो का? (सांगली)

उत्तर : अर्धं सांगितलंत. समजा ३६,००० चा टीव्ही १२/४ योजनेत दिला. हप्ता ३,०००, चार हप्ते आगाऊ म्हणजे बिलाच्या दिवशी १२,०००, उरलेले आठ हप्ते मिळून २४,०००. इथे व्याज ग्राहक भरत नाही. कंपनी किंवा शोरूम ते फायनान्सवाल्याला आधीच देतं. पण प्रोसेसिंग फी वेगळी, तिच्यावर १८ टक्के जीएसटी. ५९९ फी असेल तर ७०७ होतात. तुमच्या ग्राहकाचे सातशे ते हेच. क्रेडिट कार्डाच्या नो-कॉस्टमध्ये आणखी एक गाठ असते. बँक व्याज लावते आणि तेवढी सूट आधी मिळते, पण व्याजावरचा जीएसटी ग्राहकालाच पडतो.

त्यामुळे ‘फुकट’ हा शब्द वापरू नका. एका कागदावर चार आकडे लिहा : आज किती, दरमहा किती आणि कुठल्या तारखेला, किती महिने, फी किती. खाली ग्राहकाची सही घ्या. तारखेकडे जास्त लक्ष द्या. दर महिन्याच्या ठराविक तारखेला खात्यात पैसे असणं नोकरदाराला जमतं, ऊसवाल्याला नाही. तुटलेल्या उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असा नियम आहे. पण ते एकरकमी येतात किंवा रखडतात, महिन्याला येत नाहीत. द्राक्ष-बेदाण्याचं तेच. हप्ता बाउन्स झाला की बँक आणि फायनान्स कंपनी दोन्हीकडून दंड बसतो आणि सिबिल खाली येतो. अशा माणसाला मोठं डाउन पेमेंट आणि थोडे महिने सुचवा. त्यात तुमचा इन्सेंटिव्ह थोडा घटेल.

शोरूमचा फायनान्स कोड (हप्त्यावर विकायची सोय) मधेच बंद पडला तर दचकू नका, पण खूण ओळखा. माल पोचला नाही की ग्राहक हप्ता थांबवतो आणि फायनान्सवाल्याचे पैसे अडकतात. म्हणून डळमळीत दुकानापासून ते आधीच हात आखडता घेतात.

प्रश्न : दहा बिलांत चार एक्स्टेंडेड वॉरंटी विकायच्याच, नाहीतर इन्सेंटिव्ह नाही. लोक घेत नाहीत. काही सहकारी न विचारता बिलात टाकतात.

उत्तर : न विचारता टाकणं बंद करा, ती सरळ फसवणूक आहे. ग्राहकाच्या घरी कुणीतरी बिल नीट वाचतंच, बहुतेक वेळा कॉलेजातली मुलगी.

सगळ्याच वस्तूंवर प्लॅन विकू नका. इन्व्हर्टर एसीचा पीसीबी (सर्किट बोर्ड) आणि मोठ्या टीव्हीचा पॅनेल, या दोन ठिकाणी दुरुस्ती महाग पडते. तिथे प्लॅन समजावता येतो. एसीवर ‘१० वर्षं’ छापलेलं असतं ते बहुतांशी फक्त कॉम्प्रेसरसाठी. पीसीबी, गॅस आणि मजुरी त्यात धरू नका, वॉरंटी कार्ड उघडून दाखवा. एवढं दाखवल्यावर दहातले दोन-तीन स्वतःहून विचारतात. साध्या डायरेक्ट कूल फ्रिजला प्लॅन गळ्यात मारण्यात अर्थ नाही. पडून फुटणं, पाणी शिरणं आणि उंदीर साध्या प्लॅनमध्ये नसतात, हे आधी सांगा. प्लॅन कंपनीची वॉरंटी संपल्यावर सुरू होतो, आजपासून नव्हे, हेही.

तुमच्या स्थितीत खरा प्रश्न पुढचा आहे. प्लॅन कुणाचा? प्रमाणपत्रावर कंपनी, विमा कंपनी की साखळीचंच नाव? साखळीच हमी देत असेल आणि दोन वर्षांत तिची शटरं पडली, तर तो प्लॅन म्हणजे नुसता कागद. असा प्लॅन विकू नका, टार्गेट गेलं तर गेलं. तिसऱ्या कंपनीचा असेल तर ग्राहकाच्या मोबाइलवर प्लॅनच्या नंबराचा मेसेज आला का, ते आठवड्याने विचारा. साखळीने पुढे पैसे भरले नाहीत, मोबाइल नंबर चुकला किंवा आउटडोअर युनिटचा सीरियल टाकायचा राहिला, तर नोंद होत नाही. ते कळतं दोन वर्षांनी, पहिल्या बिघाडाला.

प्रश्न : ग्राहक ऑनलाइनचा दर दाखवतो, आपला चार हजारांनी जास्त. काय बोलू?

उत्तर : आधी मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरापर्यंत जुळवा. एका अक्षराच्या फरकात स्टार, वर्ष किंवा पोर्टची संख्या बदलते. मग दाखवलेल्या दरातून ठराविक बँकेच्या कार्डाची सूट आणि एक्स्चेंजची किंमत बाजूला काढा. ते कार्ड त्याच्याकडे आहे का विचारा. बसवणं आणि स्टँड धरून दोन्हीकडची बेरीज त्याच्यासमोर करा. तरीही हजाराच्या वर फरक उरला तर मॅनेजरकडून दर मागा, नाही मिळाला तर ग्राहकाला जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी तो वॉल माउंट आणि स्टॅबिलायझरसाठी तुमच्याकडेच येईल. दुकानासाठी घेणारा असेल तर जीएसटी नंबर टाकून बिल देतो म्हणा.

प्रश्न : एक्स्चेंजमध्ये जुना फ्रिज घेतला की बिल कमी करून बनवायचं का?

उत्तर : नाही. जीएसटी पूर्ण किमतीवर लागतो. नियमातलंच उदाहरण आहे : जुना फोन देऊन नवा २०,००० ला मिळतो आणि एक्स्चेंजशिवाय तो २४,००० चा असेल, तर कर २४,००० वर.

प्रश्न : गोडाऊनमध्ये दोन वर्षं पडून असलेला माल ‘नवा’ म्हणून काढायला सांगतात. काही खोकी पुरात भिजलेली आहेत अशीही कुजबुज आहे.

उत्तर : जुना आणि भिजलेला, ही दोन वेगळी प्रकरणं. जुना, पण सीलबंद माल विकणं चूक नाही. उत्पादनाचा महिना आणि वर्ष खोक्यावर असतं, ते दाखवून विका. एसीच्या स्टारचे निकष १ जानेवारी २०२६ पासून कडक झालेत. आधीच्या लेबलचा पाच स्टार नव्या मोजणीत साधारण चारचा ठरतो, म्हणून स्टार मोजून दर सांगू नका, लेबलवरचा आयसीरचा (एसी वीज किती काटकसरीने वापरतो त्याचा) आकडा सांगा. दुसरं, २२ सप्टेंबर २०२५ ला एसी आणि ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. त्याआधीच्या खोक्यावर जुनी एमआरपी दिसेल. तेव्हा कर धरून ४०,००० ला बसणारी वस्तू आता त्याच मूळ किमतीला ३६,८७५ ला बसते. जुन्या एमआरपीवर ‘मोठी सूट’ दाखवून हा फरक आपला म्हणून विकू नका.

भिजलेला माल मात्र विकायचा नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली, हरभट रोड, मारुती रोड पाण्याखाली होते, आणि २०२१ मध्ये पुन्हा. सांगलीच्या ग्राहकाला भिजलेलं खोकं वासावरून कळतं. पुराच्या पाण्यातला गाळ कनेक्टरमध्ये आणि मोटरच्या गुंडाळीत बसतो. सुकवून वस्तू चालूही होते, पण आतला गंज थांबत नाही आणि शॉकचा धोका राहतो. खोक्याच्या तळाच्या पुठ्ठ्यावर पाण्याची रेघ, थर्माकोलला मातकट डाग, स्क्रूच्या डोक्यावर पांढरट थर : यातलं एकही दिसलं तर फोटो काढून ई-मेलने कळवा आणि बिल करू नका. विम्याचा दावा मिळालेला माल पुन्हा काउंटरवर आला असेल तर प्रकरण तुमच्या आवाक्यापलीकडचं आहे. त्यात तुमची सही असता कामा नये.

प्रश्न : खर्च वाचवायला जास्त पगाराचे चार जुने सेल्समन काढले. आता नव्या पोरांवर चाललंय. याने दुकान वाचतं का?

उत्तर : अमेरिकेतल्या सर्किट सिटी या इलेक्ट्रॉनिक्सच्या मोठ्या साखळीने मार्च २००७ मध्ये नेमकं हेच केलं. जास्त पगाराचे सुमारे ३,४०० विक्रेते एकदम काढले. नोव्हेंबर २००८ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला आणि मार्च २००९ मध्ये शेवटची दुकानं बंद झाली. ती बुडायला इतरही कारणं होती. पण टीव्हीची तुलना करून सांगणारा माणूस काउंटरवर नसेल तर ग्राहक दर पाहूनच घेतो, आणि नुसत्या दरात साखळी ऑनलाइनपुढे टिकत नाही. तुमच्या दुकानातही तेच होऊ शकतं.

प्रश्न : पगार दोन महिने उशिरा. पीएफ कापतात, पण पासबुकात सहा महिने भर नाही. सोडू की थांबू? सहा वर्षं झाली. (सांगली)

उत्तर : सोडायचं की नाही ते घर बघून ठरवा, कागद मात्र आजच गोळा करायला लागा. नियुक्तीपत्र, सगळ्या पगारपावत्या, पगार जमा होणाऱ्या खात्याचं स्टेटमेंट, हजेरीचे फोटो आणि इन्सेंटिव्हचे ई-मेल. ऑफिसचा ई-मेल कुठल्याही दिवशी बंद होतो, म्हणून स्वतःची कागदपत्रं स्वतःकडे घ्या. ग्राहकांची यादी उचलू नका, ती शोरूमची.

पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. तुमच्या पगारातून कापलेला हिस्सा न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा धरला जातो, म्हणून तक्रारीत ‘कापला, पण भरला नाही’ असं स्पष्ट लिहा आणि कापणी दाखवणारी पावती जोडा. तक्रार ईपीएफओच्या (पीएफ कार्यालयाच्या) ऑनलाइन तक्रार पोर्टलवर यूएएन (तुमचा पीएफचा कायमचा नंबर) टाकून करता येते. पाच-सहा जणांनी वेगवेगळी केली तर ती एकट्याची राहत नाही.

पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयसीही (कामगारांचा आरोग्य विमा) तपासा. तुमचा हिस्सा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५. एप्रिल ते सप्टेंबरची वर्गणी पुढच्या जानेवारी ते जूनच्या लाभाला लागू होते. नोकरी सुटली की कार्ड त्याच दिवशी निकामी होत नाही. घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर ही तारीख पाहून राजीनामा द्या.

वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा आहे, आणि राजीनामा दिला किंवा काढलं तर देय वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांनी’ हे शोरूमचं पालुपद यात बसत नाही. तक्रार सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

सहा वर्षं झाली म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० असेल तर १३,००० गुणिले १५ भागिले २६ म्हणजे ७,५००. सहा वर्षांचे ४५,०००. राजीनाम्यात ‘माझं काही येणं नाही’ असं वाक्य टाकायला सांगतील. ते लिहू नका. शेवटचा दिवस, थकलेले महिने आणि रकमा लिहा. पीएफमध्ये ‘नोकरी सोडल्याची तारीख’ टाकायला लेखी सांगून ठेवा. नाहीतर ट्रान्सफर आणि पैसे काढणं दोन्ही अडू शकतं.

आणि साखळी दिवाळखोरीत गेली तर? राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने अर्ज दाखल करून घेतला की इंग्रजी आणि प्रादेशिक वृत्तपत्रात जाहीर सूचना येते. दावे मागवायची मुदत साधारण चौदा दिवसांची. कर्मचाऱ्यांनी फॉर्म डी भरायचा. पोस्टाने, ई-मेलने किंवा प्रत्यक्ष देता येतो. कंपनी मोडीत काढून तिची मालमत्ता विकली तर पैसे वाटण्याच्या क्रमात कामगारांची २४ महिन्यांची थकबाकी तारणदार धनकोंच्या बरोबरीने येते, इतर कर्मचाऱ्यांची १२ महिन्यांची त्यानंतर. पीएफ आणि ग्रॅच्युइटी फंडातली रक्कम त्या वाटपाच्या बाहेर राहते. पण फंडात भरलेलीच नसेल तर भांडावं लागतं. पासबुकात सहा महिने कोरे दिसत असतील तर तक्रार या आठवड्यात टाका, आणि फॉर्म डीला लागणाऱ्या पगारपावत्यांचा एक संच घरी ठेवा, शोरूमच्या लॉकरमध्ये नको.